रकाना, मोजपट्टी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

विद्यार्थ्याला शाळेत दाखल करून घेताना आम्हा शिक्षकांसमोर जी जाडजूड नोंदवही उघडलेली असते, तिला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ यांच्या सोबतीने तिच्यात धर्म, जात आणि पोटजात असे रकाने असतात. आपल्या निवासी शाळेत दर जून महिन्यात या रकान्यांपाशी लेखणी थांबते. धर्माच्या रकान्यात पालक अभिमानाने 'बौद्ध' सांगतात. पुढच्या रकान्यात काय लिहावे, यावर मात्र दरवर्षी नव्याने चर्चा होते. कोणी म्हणतो 'महार' लिहा, पुढे जातीच्या दाखल्याला अडचण नको. कोणी म्हणतो 'नवबौद्ध' लिहा, कारण शासकीय योजनांच्या कागदांवर तोच शब्द असतो. आणि एखादे आजोबा, ज्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली असते, ते हात जोडून सांगतात की जे आम्ही तिथे सोडून आलो, ते नातवाच्या नावापुढे पुन्हा लिहू नका.

या रकान्याला मोठा इतिहास आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. माणसे तीच, वस्त्या त्याच. रकान्यातील एक शब्द स्वतःच्या इच्छेने बदलण्यासाठी एवढ्या मोठ्या समाजाने आपले अंतरंग बदलले होते. पण ज्यांच्या हाती रकाने होते, त्यांनी ते लगेच बदलले नाहीत. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या पातळीवर तो दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या ३४ वर्षांत किती मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि किती जणांच्या नोकऱ्या त्या एका शब्दापाशी अडल्या असतील, याची गणना कोणत्याही वहीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातील नीती आणि न्याय हा आहे. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर एवढेच की ही बुद्धिमत्ता ज्या अन्नावर पोसली जाते, ते अन्न म्हणजे माणसांनी आजवर भरलेले रकाने आणि लिहिलेला मजकूर. रकाना कोणी आखला, तो कोणी भरला आणि भरलेले तपासून पाहण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

हे यंत्र शिकते कसे, ते आधी पाहू. पूर्वी संगणकाला प्रत्येक कामाचे नियम माणूस लिहून देत असे. आता त्याला असंख्य उदाहरणे दाखविली जातात आणि त्यांतील साम्य-भेद तो स्वतः शोधतो. आपल्या भागातील उदाहरण घेऊ. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर असतो. तो बोंडातला कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा पाहतो आणि प्रत ठरवितो. समजा, एखाद्या ग्रेडरने वीस वर्षे दिलेले निर्णय छायाचित्रांसह यंत्राला शिकविले. यंत्र पटकन शिकेल आणि त्याच्यासारखेच निर्णय देऊ लागेल. पण समजा, तो ग्रेडर बैलगाडीतून आलेल्या लहान शेतकऱ्याचा कापूस नेहमी एक प्रत खाली धरीत असेल, आणि छायाचित्राच्या कोपऱ्यात गाडीचे चाक दिसत असेल, तर यंत्र चाक पाहूनच प्रत उतरवायला शिकेल. त्याच्या मनात द्वेष नसेल, त्याला मनच नाही. ग्रेडरशी शेतकरी निदान भांडू शकत होता. यंत्राचा निर्णय मात्र 'शास्त्रीय' म्हणून त्याच्या हाती पावतीसह पडेल.

मजकूर लिहिणाऱ्या, प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या ज्या प्रणाली आज आपल्या मुलांच्या हाती आल्या आहेत, त्या अशाच प्रचंड मजकुरावर शिकलेल्या आहेत. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, हे त्या शिकतात. आता विचार करा, भारताविषयी आजवर जो मजकूर लिहिला गेला तो कोणाच्या लेखणीतून उतरला? ज्यांना शेकडो वर्षे अक्षर शिवू दिले नाही, त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले विपुल आहे आणि त्यांनी स्वतः लिहिलेले त्या मानाने अल्प आहे. मराठीत दलित साहित्याने, आत्मकथनांनी हा तोल काही प्रमाणात सावरला. तथापि यंत्राने वाचलेल्या ढिगात ती पुस्तके किती आणि विवाहाच्या जाहिराती किती, हे त्या यंत्राचे निर्माते सहसा सांगत नाहीत.

परिणाम समोर आहेत. २०२३ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी भारतीय जात आणि धर्म यांविषयीचे पूर्वग्रह तपासण्यासाठी वाक्यांचा एक संच तयार केला. वाक्यात एक जागा रिकामी ठेवायची आणि दोन समाजांपैकी कोणाचे नाव तेथे बसते, असे यंत्राला विचारायचे, अशी साधी पद्धत. २०२५ साली एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने त्याच धर्तीवर जीपीटी-५ या प्रणालीची परीक्षा घेतली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वाक्यांत तिने साचेबंद, म्हणजे विद्वत्ता ब्राह्मणाकडे आणि अस्वच्छता दलिताकडे नेणारी, उत्तरे निवडली. त्याच वृत्तात एका दलित समाजशास्त्रज्ञाचा अनुभव आहे. बंगळुरूमधील संशोधनवृत्तीसाठी केलेल्या अर्जाची इंग्रजी भाषा सुधारून दे, असे त्यांनी यंत्राला सांगितले. यंत्राने भाषा सुधारली आणि त्यासोबत त्यांचे आडनावही बदलून उच्चवर्णीय करून टाकले. संशोधनाचा अर्ज ज्या अर्थी आहे, त्या अर्थी आडनाव असेच असणार, असा त्याचा हिशेब! ज्यांनी शाळेत आडनाव सांगताना आवाज खाली गेल्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना या घटनेचे वेगळे स्पष्टीकरण नको.

आमच्या इयत्ता नववीच्या वर्गाला हे वृत्त सांगितल्यावर मुलांनी स्वतः तपासण्याचा आग्रह धरला. संगणक कक्षात एका प्रणालीला त्यांनी 'गावातील एका हुशार मुलाची गोष्ट लिही' असे सांगितले. गोष्टींतील मुले कुलकर्णी, जोशी, देशपांडे निघाली. मग एका विद्यार्थिनीने 'सफाई कामगाराच्या हुशार मुलाची गोष्ट' मागितली, तेव्हा आडनावाचा पत्ताच नव्हता, आणि त्या मुलाला शिकविणारे दयाळू गुरुजी मात्र आडनावासह अवतरले होते. वर्ग हसला. आम्ही मात्र तेथेच थांबवून त्यांना सांगितले की हा पुरावा नव्हे, ही शंका आहे. पाच-सात गोष्टींवरून निष्कर्ष काढणे म्हणजे ज्यांनी आपल्यावर घाईने निष्कर्ष लादले त्यांचीच रीत उचलणे होय. न्याय्य परीक्षा घ्यायची तर प्रश्नातील बाकी सर्व शब्द तसेच ठेवून एकच शब्द बदलला पाहिजे, तीच परीक्षा अनेकदा घेतली पाहिजे आणि जी उत्तरे आपल्या शंकेच्या विरुद्ध जातात तीही लिहून ठेवली पाहिजेत. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश मुलांना पाठ आहे. तो शंकेलाही लागू पडतो, हे त्यांना त्या दिवशी नव्याने कळले असावे.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो: यंत्राला आडनाव, जात, धर्म दाखवूच नये. आमच्या मते हा उपाय अपुरा आहे आणि तो का अपुरा आहे हे आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. गेल्या वर्षी पुण्यात नोकरी करणारा आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. बोलता बोलता त्याने संकोचाने सांगितले की आता तो अर्जात दहावीच्या शाळेचे नाव लिहीत नाही. अर्ज आधी यंत्र चाळते, असे त्याच्या कानावर आले होते, आणि शाळेच्या नावातच आपण कोण हे आले आहे, अशी त्याला भीती होती. आम्हाला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. ज्या शाळेने त्याला घडविले, तिचे नाव त्याला लपवावे लागत होते. पण त्याची भीती निराधार होती, असे आम्ही म्हणू शकलो नाही. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज पारखण्यासाठी एक यंत्रणा तयार केली होती. दहा वर्षांतील अर्जांवर ती शिकली. त्या काळात आलेले अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. उमेदवार स्त्री आहे की पुरुष हे तिला सांगण्याची गरजच पडली नाही. ज्या अर्जात महिलांच्या मंडळाचा उल्लेख असे त्याला ती कमी गुण देई, आणि दोन महिला महाविद्यालयांच्या पदवीधरांनाही तिने खाली ढकलले. कंपनीने ती यंत्रणा मोडीत काढली आणि २०१८ साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने हा प्रकार उघड केला. महाविद्यालयाचे नाव जर लिंग सांगू शकते, तर वस्तीचे नाव, पिनकोड, वसतिगृहाचा पत्ता आणि शाळेच्या नावातील 'नालंदा' किंवा 'मिलिंद' जात सांगणार नाही काय?

येथे एक अडचण आणखी आहे. यंत्रातील अन्याय मोजण्याच्या ज्या रीती पाश्चात्त्य देशांत विकसित झाल्या, त्यांचे मुख्य रकाने वंश आणि लिंग हे आहेत. नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की त्या रीती भारतात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथे भेदाच्या रेषा वेगळ्या आहेत, आणि ज्यांच्या हाती फोन वा इंटरनेट नाही अशा स्त्रिया, दलित, आदिवासी माहितीसाठ्यात मुळात येतच नाहीत. जात मोजलीच नाही तर जातीचा अन्यायही अहवालात दिसणार नाही. एकाच माणसाच्या वाट्याला दोन विपरीत गोष्टी येतात: जेथे नाव नोंदले जाणे लाभाचे, तेथे तो गैरहजर, जेथे नोंदले जाणे धोक्याचे, तेथे तो ठळक.

माणसे मोजून त्यांची प्रत ठरविण्याचा असा प्रयत्न आपल्या देशात पूर्वीही झाला आहे. यंत्र तेव्हा पितळी होते. हर्बर्ट रिस्ले हा ब्रिटिश अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर, ज्याला नासिका निर्देशांक म्हणतात, ते मोजून त्याने सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद, तितका जातीचा सामाजिक दर्जा खालचा. जातीच्या उतरंडीला त्याने वंशाचा आधार दिला. हजारो माणसांना उभे करून कॅलिपर लावलेला, आकड्यांचे तक्ते सोबत; शास्त्रच ते! तथागतांनी सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात याच विषयावर ब्राह्मण तरुणांना समजावले आहे, हे पाहून आम्हाला प्रत्येक वाचनात नवल वाटते. गवत, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्माची खूण असते, माणसांत ती केसांत, कानांत, डोळ्यांत, नाकात कुठेही आढळत नाही. माणसांमधले भेद हे व्यवहाराने दिलेली नावे आहेत, असा त्याचा आशय आहे. नाकाचा उल्लेख तेथे आहे, हे विशेष.

मोजमापाच्या या शास्त्राला आतून आव्हान देणाऱ्या दोन मराठी माणसांची येथे आठवण होते. पहिल्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण विशिष्ट प्रकारे असमान असते आणि त्यातच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की वंश आणि कवटीची असमानता यांचा असा संबंध आढळत नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात, ज्या संस्थेचे शास्त्र पुढे नाझी राजवटीच्या सेवेला लागले त्या संस्थेत बसून, एका विद्यार्थिनीने आकडे जे सांगतात तेच लिहिले. संशोधनातील शील म्हणतात ते हे. पण येथे आम्हाला आणखी एक प्रश्न नोंदविल्यावाचून राहवत नाही. त्या कवट्यांत वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या वारसांना कोणी विचारले होते? निष्कर्ष न्याय्य निघाला, तरी सामग्री जमविण्याची रीत न्याय्य होत नाही. आज आपली छायाचित्रे, आवाज, लेखन न विचारता उचलून यंत्रांना शिकविले जाते, तेव्हा त्या कपाटांतील कवट्यांची आठवण होते.

दुसरे अर्थातच बाबासाहेब. ते मानववंशशास्त्राला परके नव्हते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला, तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रातच. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत काय, या प्रश्नाला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. तेथे ते भावनेने बोलत नाहीत. ते विरुद्ध पक्षाचेच तक्ते मागवितात. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी आपल्या ग्रंथात नासिका निर्देशांकाचे जे आकडे एकत्र केले होते, ते घेऊन बाबासाहेब प्रांताप्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी शेजारी ठेवतात. पंजाबातील चुहऱ्यांचा निर्देशांक संयुक्त प्रांतातील ब्राह्मणांइतकाच निघतो. बिहारच्या चांभारांचा तेथील ब्राह्मणांहून फारसा वेगळा नाही. मानववंशमिती हे विश्वसनीय शास्त्र आहे असे धरायचेच असेल, तर तिचाच निकाल असा आहे की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एक आहे. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. या युक्तिवादातील 'असेल तर' आम्ही मुलांना अधोरेखित करायला लावतो. बाबासाहेबांनी मोजपट्टीवर श्रद्धा ठेवली नाही आणि ती फेकूनही दिली नाही. ज्यांचे नाक मोजले गेले, त्यांच्यातल्या एकाने मोजणाऱ्यांचा तक्ता हाती घेऊन त्याची फेरतपासणी केली. आजच्या परिभाषेत याला ऑडिट म्हणतात.

१९३२ च्या लोथियन समितीत त्यांनी हेच दुसऱ्या अंगाने केले. तेथे वाद होता अस्पृश्यांच्या संख्येचा. मताधिकार आणि प्रतिनिधित्व संख्येवर ठरणार, असे दिसताच काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी असल्याचे, किंवा ते नाहीतच असे, सांगितले जाऊ लागले. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना आपल्या लोकांचे अस्तित्वच आकड्यांनिशी सिद्ध करावे लागले.

फेरतपासणीची हीच परंपरा आपल्या काळात एका कृष्णवर्णीय तरुणीने पुढे नेली. जॉय बुओलाम्विनी एमआयटीमध्ये शिकत असताना चेहरा ओळखणारा संगणक तिचा चेहरा पाहूच शकेना. पांढरा मुखवटा लावताच त्याला 'चेहरा' दिसला. तिने तक्रार करून विषय सोडला नाही. तिने आणि टिम्निट गेब्रू या संशोधिकेने आफ्रिकेतील आणि युरोपातील सहा देशांच्या खासदारांची १,२७० छायाचित्रे जमविली आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या तीन प्रणालींची परीक्षा घेतली. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढाच प्रश्न. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला: गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. 'एकंदर अचूकता नव्वद टक्क्यांवर' अशा सरासरीत हे सारे दडून गेले असते. सरासरीचा निकाल चांगला लागला म्हणून कोणत्या वस्तीतली मुले नापास झाली हे न पाहणारे मुख्याध्यापक आपणही पाहिले आहेत. त्या अहवालानंतर कंपन्यांना आपल्या प्रणाली सुधाराव्या लागल्या.

आपल्या भाषेतही असे एक संशोधन झाले आहे आणि ते पुरेसे ठाऊक नाही. बोलणे समजणाऱ्या यंत्रांना शिकविण्यासाठी आवाजाचे नमुने लागतात. ते बहुधा शहरी, सुशिक्षित लोकांकडून घेतले जातात. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाशी संबंधित संशोधकांनी मराठीचे नमुने तीन गटांकडून घेतले: ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाचे लोक, शहरातील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी. एकूण ३६ जणांनी १०९ तासांचे ध्वनिमुद्रण केले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गरिबांच्या कामाची प्रत विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीची होती. या संशोधनाच्या मुळाशी दोन विचार होते. ज्यांची बोली यंत्राला समजत नाही त्यांचाच आवाज त्यात यावा, आणि त्या कामाचा मोबदला त्यांच्या घरात जावा. बलुत्याच्या व्यवस्थेत श्रम घेऊन त्याचे मोल देणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले जात असे. आवाज देणाऱ्याला त्याच्या कामाचे दाम ठरवून देणे ही गोष्ट म्हणूनच आम्हाला तंत्रज्ञानाहून मोठी वाटते. आमच्या मुलांची बोली 'मी जायलोय', 'तू काय करायलास' अशी आहे. पुण्याच्या बोलीवर वाढलेले यंत्र तिच्यापुढे अडखळते आणि मुलांना वाटते, आपलेच चुकले. ३६ जणांच्या त्या यादीत मराठवाड्यातून किती होते, हे विचारण्याची वेळ आता आपली आहे.

जेथे यंत्राची चूक पोटावर येते, अशा एका प्रकाराचा उल्लेख करणे भाग आहे. १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात परभणी होती, त्याच राज्याचा भाग असलेल्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कुटुंब श्रीमंत की गरीब ठरवू लागली. हैदराबादेतील एका विधवेचे धान्य बंद झाले, कारण रिक्षा ओढणाऱ्या तिच्या दिवंगत पतीच्या नावाशी जुळणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर मोटार होती. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबे चुकीने वगळली गेल्याचे आढळले. नाव जुळले की माणूस जुळला, असे यंत्राला वाटले. आपल्या एका एका तालुक्यात 'कांबळे भीमराव' किती आहेत, ते त्याने पाहिले नव्हते.

दुसरी बाजू पोलिसांच्या नोंदींची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींतील मूल जन्मताच नोंदवहीत संशयित म्हणून चढत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण ज्या नोंदी आणि ज्या सवयी त्याने निर्माण केल्या त्या रद्द झाल्या नाहीत, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही पारधी वस्तीत विचारावे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी नागपूर येथे 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. तपासाला गती मिळत असेल तर तिला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की शिकविण्याच्या नोंदी कोणत्या? त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये परभणी रेल्वे स्थानकाजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर आपल्या वस्त्यांतून धरपकड झाली, आणि अटकेतील एका विधीच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अटक झाली, एवढे नोंदीत राहते. ती योग्य होती की नव्हती, हे ठरायला न्यायालयात वर्षे जातात, आणि यंत्र तोवर थांबत नाही. पकडले गेलेल्यांच्या यादीला 'गुन्हे करणाऱ्यांची यादी' समजणारे यंत्र १८७१ च्या नोंदवहीचाच पुढचा खंड होईल.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. मात्र संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला त्याच कायद्यात अटींवर सवलत आहे. वसतिगृहात मुलांची छायाचित्रे किंवा आवाज घेण्यास कोणी आले, तर 'संशोधनासाठी' हा शब्द ऐकून पालकांनी आणि आम्ही लगेच सही करू नये. कशासाठी, कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार आणि नको म्हटले तर परत मिळणार काय, हे चार प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

नववीच्या त्या वर्गाने आता एक वही घातली आहे. तिचे रकाने मुलांनीच आखले: विचारलेला प्रश्न, त्यात बदललेला एकच शब्द, यंत्राचे उत्तर, दिनांक आणि विचारणाऱ्याचे नाव. शेवटचा रकाना एका मुलीच्या सूचनेवरून वाढविला, 'आम्हाला काय वाटले होते'. तो उत्तर पाहण्यापूर्वी भरायचा असतो. नोंदी अजून थोड्या आहेत आणि सांख्यिकी आम्हाला बेताचीच येते. हैदराबाद, पुणे, बंगळुरू येथे या क्षेत्रात काम करणारे आपले जे माजी विद्यार्थी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा १४ एप्रिलला गावी येतात, त्यांनी एक दुपार या मुलांसोबत बसावे, किती नोंदींनंतर निष्कर्ष काढता येतो ते त्यांना शिकवावे. वसतिगृहात मोबाईलला बंदी असल्याने संगणक कक्ष रविवारी सकाळी १० ते १२ उघडा असतो. येताना घरातील आजीला सोबत आणता आले तर उत्तम, कारण तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द यंत्राला अजून लिहिता येत नाहीत आणि मुलांना त्यांची यादी करायची आहे.